अंजनाबाईंचं ठरलेलं लग्न

कारंजा–मंगरूळपीर गाडीत वास सुटला आणि पदर, टोपी, उपरणं, ज्याच्या हाती जे लागलं ते त्याने नाकाला लावलं. बाहेर भादव्यातली झड, खिडक्या बंद; वास जाणार तरी कुठे? कंडक्टर वाकून सीटखाली पाहू लागला. तिथे एक ओलसर पोतं होतं आणि त्याच्या शेजारी दोन पाय अंग चोरून बसले होते. ते अंजनाचे.

"कोनाचं हाय हे? पुढच्या स्टापवर उतरवतो मी!"

अंजना तोंड उघडणार तोच समोरच्या सीटवरून आवाज आला, "माझं हाय, भाऊ. सरकारी खत हाय. तपासाले नेऊन राह्यलो."

सरकारी म्हटल्यावर कंडक्टरचा आवाज एकदम खाली आला. तो पुढे निघून गेला. समोरचा तरुण सावळा, उंच, पावसाने केस कपाळाला चिकटलेले... आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं.

"खोटं काहून बोलले तुमी?" अंजना हळूच म्हणाली. "माझं हाय ते. शाळेतल्या खड्ड्यातलं."

"मालूम हाय. अजून मुरू द्याले पाह्यजे होतं."

"बाप्पा! नाकानंच तपासता काय?"

"खत नाकानं तपासतो. बाकीचं..." तो थांबला, तिच्याकडे बघितलं आणि उगाच खिडकी पुसू लागला. "बाकीचं डोयानं."

अंजनाने तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून, हे काय वेगळं सांगायला हवं?

तो जगदेव पडघान, मंगरूळपीरचाच. दुष्काळ नुकताच सरला होता. जमिनीचा कस टिकवणारी शेती शाळाशाळांतून शिकवावी, त्यासाठी आधी शिक्षक तयार करावेत, म्हणून अकोल्याच्या एका संस्थेला अनुदान मिळालं होतं. त्या संस्थेने तालुक्यासाठी जगदेवला नेमलं होतं. अंजना मंगरूळजवळच्या एका गावात शाळेत शेती हा विषय शिकवायची. मग काय, दर आठवड्याला जगदेवची सायकल त्या शाळेच्या कुंपणाला टेकलेली दिसू लागली. तालुक्यात इतरही शाळा होत्या म्हणे.

या अनुदानात एक फार मोठी गोष्ट होती. तालुक्यातून एका शिक्षकाला वर्षभर पुण्याला शिकायला पाठवायचं होतं. परत आल्यावर त्याने तीन वर्षं याच तालुक्यात राहून बाकीच्या शिक्षकांना शिकवायचं. अंजनाला ती जागा हवी होती. जीव तोडून हवी होती. तिच्या बापाचा, ग्यानबाचा, जन्म दुसऱ्यांचे उकिरडे उपसण्यात गेला होता. बौद्ध वस्तीतली ती पहिली मास्तरीण. ज्या कामापायी बापाला कुणी ओसरीवर घेतलं नाही, तेच काम शिकवायला आता तिला खुर्चीवर बसवणार होते.

"माय म्हनते, खत शिकाले पुन्याले कायले जाव लागते?" ती एकदा हसत म्हणाली.

"मंग तुमी काय सांगतलं?"

"म्हटलं, शिकवाले जाव लागते."

दिवाळी सरली. खताचा खड्डा आतून तापला की नाही हे हात घालूनच कळतं. एका सकाळी तिने कोपरापर्यंत हात आत घातला. पलीकडून त्यानेही घातला. आत ऊब होती, ओली, दाट... आणि त्या उबेत बोटांना बोटं लागली. कुणीच हात काढला नाही.

"तापला," तो म्हणाला.

"खड्डा ना?" ती म्हणाली.

जगदेव कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल होतो का? होतो. अंजनाने पाहिलं.

पण विचारलं मात्र त्याने काहीच नाही. दर खेपेला ठरवायचा, दर खेपेला सायकलवर बसून परत जायचा. ती वाट पाहायची. बाईमाणसाने आधी कसं बोलायचं? म्हणून तीही गप्प.

माघात अकोल्याहून संस्थेचे साहेब जीपने आले. खड्डा पाहिला, तूर-ज्वारीच्या ओळी पाहिल्या, अंजना मुलांना शिकवते ते मागे उभे राहून ऐकलं. मान डोलावत ते जगदेवला निंबाखाली घेऊन गेले. दोघं काही बोलले. परत आले तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"बाई, काम उत्तम आहे. तुम्हीच हव्या होत्या आम्हाला. असो... लग्नाबद्दल अभिनंदन!"

"कोनाच्या?"

"तुमच्याच की! पडघान म्हणाले, ठरल्यातच जमा आहे. मुलगी लग्नानंतर कुठल्या गावी जाईल, काय नेम? आणि आमची तर तीन वर्षांची अट. म्हणून ती जागा दुसऱ्या शाळेच्या गुरुजींना देतोय."

अंजना पुढे झाली. "साहेब, माझं काहीच ठरलं नाही. खरंच नाही."

साहेब हसले. हेडमास्तरही हसले. जीपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. लग्नाचं नाव काढल्यावर मुलगी नाहीच म्हणणार, कुठली हो म्हणते? "लाजू नका, लाजू नका," म्हणत साहेब जीपकडे निघाले.

अंजनाने जगदेवकडे पाहिलं. एका वाक्याने काम झालं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं, की नवरदेव मीच आणि नवरीला मी अजून विचारलेलंही नाही. तो खाली बघत उभा राहिला. जीप गेली.

दुसऱ्याच दिवशी तो अकोल्याला धावला. परत आला तेव्हा अंजना खड्ड्यावर माती लिंपत होती.

"साहेबाले सारं खरं सांगतलं. पन गुरुजीचं नाव पुन्याले गेलं म्हनते... आता बदलत नाई."

तिचा हात थांबला नाही. "कायले म्हटलं तुमी तसं?"

"त्यायनं इचारलं, बाईचं लग्नबिग्न हाय काय? माझ्या मनात तं रोज तेच. तोंडातून निघून गेलं." मग अगदी हळू, "आन् भेव बी होतं. पुन्याले मोठी मोठी मानसं भेटतीन. मंग तुमाले माझी याद राहीन काय..."

"आन् मी साहेबाले नाई म्हटलं, तवा काहून नाई बोलले?"

तो खड्ड्याला वळसा घालून तिच्यासमोर आला. म्हणाला, "अंजना, माझ्यासंग लग्न कर."

किती दिवस याच वाक्याची वाट पाहिली होती तिने! खोटं कशाला बोला, तिला तो आत्ताही हवाच होता.

"आठ दिवसाआंदी इचारलं असतं तं हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "सासर मंगरुळातच असतं. पुन्याहून शिकून तुमच्याच घरी आली असती मी. तीन वर्सं काय, जलमभर याच तालुक्यात राह्यली असती."

जगदेव मटकन खाली बसला. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

"मंग आता हो म्हन ना..."

"कसं म्हनू? रोज तुमच्या ताटात भाकर वाढीन आन् रोज मले ते निंबाचं झाड दिसन." तिने हातातला मातीचा गोळा खड्ड्यावर आपटला. "साहेबाले सांगतलं तुमी, हेडमास्तरले समजलं, जीपच्या डायवरले बी मालूम झालं. मलेच तेवढं नाई सांगतलं."

तो उठला. सायकल हातात धरून, सीटवर न बसताच, पांदीच्या वाटेने चालत गेला. एक हाक मारली असती तर तो तिथूनच वळला असता, हे अंजनाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो दिसेनासा होईपर्यंत ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली, आणि मग मात्र मातीच्या हातांनीच तोंड झाकून रडली.