कडेची आसरा

"बाराला पुरातत्त्व खात्याचे साहेब येतायत. हातकुऱ्हाड दाखवली नाही तर जेसीबी सुरू. सगळी जागा खलास!" उत्खनन करणाऱ्या उन्नतीचा आवाज चिरकला.

उरणजवळच्या या प्लॉटवर, तळ्याकाठी, तिला ती हातकुऱ्हाड सापडली होती. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाने टवके काढून घडवलेला दगड. तळहाताएवढा, टोकाला निमुळता. सकाळी ती चहाला गेली आणि तंबूतून दगड गायब.

वाशीहून बोलावलेली डिटेक्टिव्ह राजनंदिनी तंबूबाहेर उभी होती. ती लोकांचे पाय बघत होती.

"ताई, जेसीबीवाला हरेशच," तिचा असिस्टंट सनी कुजबुजला. "काम बंद, त्याची वाट लागलीय."

हरेश भडकला. "केबिन बघा, खिसे बघा! मला काय दगडाचं लोणचं घालायचंय?" त्याच्या बुटांवर कोरडी धूळ होती.

बिल्डर विपुल याच गावचा. जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. "गाडी धुतली," तो म्हणाला. "आणि वॉचमनला विचारा, सकाळपासून कोन बाहेर गेला नाय." मग एकदम ओरडला, "ए, माझ्या गाडीवर काय लिवतोस!"

सनीने धुळीतलं बोट पटकन मागे घेतलं.

म्हणजे दगड आतच होता. पण कुठे? सगळं शोधून झालं होतं.

तळ्याकाठी विपुलची आई गोजरा साती आसरांची, म्हणजे सात दगडी जलदेवतांची, पूजा करत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. कापसाच्या बोळ्याने अंदाजाने शेंदूर लावत होती.

राजनंदिनीने चपला काढल्या. "मावशी, रोज लावता?"

"रोज. माज्या सासूच्या सासूपासून."

सहा आसरा शेंदराने लाडवासारख्या गुबगुबीत झालेल्या. कडेची मात्र सडपातळ.

राजनंदिनीने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"कडेच्या आसरेवर एकाच दिवसाचा शेंदूर आहे. तीच हातकुऱ्हाड."

"पण सात तर बरोबर आहेत!" सनी म्हणाला.

"तेच तर. एक आसरा काढली, जागी ही ठेवली. बाहेरच्याने काढलेली झुडपात फेकली असती. गावचा माणूस देव फेकत नाही, पाण्यात सोडतो. विपुलभाऊ, गाडी धुऊन जीन्स भिजली म्हणता? सनीने आत्ताच तिच्या धुळीवर नाव लिहिलंय."

विपुलचा चेहरा उतरला. मग उसळला, "अख्खी बिल्डिंग अडकलीय! एका दगडापायी!"

उन्नती कडेच्या दगडाकडे झेपावली. गोजराने तिचा हात पकडला.

"थांब गो. जागा रिकामी राहनार नाय." मग पोराकडे न बघता, "आईला पान्यात सोरलीस? उतर. आन तिला. मंग हिचा दगर हिला."

"आये, लोक बगतान..."

"बगू दे."

विपुल उतरला. वाकून तळ चाचपू लागला. गेटवर साहेबांचा हॉर्न वाजला. उन्नतीने ओठ चावला.

"शेठ, जेसीबीचं बकेट सोडू का?" हरेश ओरडला. कोणी हसलं नाही.

शेवटी चिखलातून शेंदरी गोळा वर आला. गोजराने तो पदराने पुसला, जागेवर ठेवला, नमस्कार केला. मगच कडेचा दगड उचलून उन्नतीच्या ओंजळीत दिला.

"घे. आज पुजलीय तिला. नीट ठेव."

साहेब चालत येत होते. हरेशने जेसीबीची चावी काढून खिशात टाकली.