एक कोयता, दोन ठिपके

गेट

कर्जतच्या पुढं माळावर आमच्या सोलरच्या पाट्या आहेत. पाट्यांखालची तांब्याची केबल दोनदा चोरीला गेली, म्हणून कंपनीनं रडार घेतलं आणि ते बसवायला मला पाठवलं. रडार म्हणजे खांबावरचा एक डबा. तो लहरी सोडतो. जे हलतं त्यावर आपटून त्या परत येतात आणि केबिनमधल्या स्क्रीनवर ठिपका उमटतो. मग ठिपक्याकडे कॅमेरा वळतो. धूळ, धुकं, अंधार, रडारला सगळं सारखंच.

कुंपणाची फेरी गहिनीनाथमामांकडे. साठीचे, आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. कंपनीचे बूट खुंटीला आणि पायात स्वतःच्या वहाणा. रोज दिवस कलताना निघायचे.

"मामा, आज तुमच्यावरच चाचणी घेते."

"घ्या की, आरतीताई. पर माज्यापाशी चोरन्यासारकं काय न्हाई."

मामा निघाले. स्क्रीनवर दोन ठिपके निघाले.

पूर्वेचं कुंपण

दुसरा ठिपका थोडा मागं. मामा थांबले की थांबायचा, निघाले की निघायचा. कॅमेऱ्यात मामा एकटेच, शेजारी त्यांची लांब सावली. नाली ओलांडताना त्यांनी हात मागं केला, कुणाला आधार द्यावा तसा. सवय असेल.

मी कारणं शोधली. पाट्यांवरून परतलेली लहर. सैल तार. कुत्रं. डबा उतरवून पुन्हा बसवला. मामांना स्क्रीनपुढं बसवून स्वतः चालले: एक ठिपका. वायरमन चालला: एक. मामा चालले: दोन.

"मामा, तुमच्या मागं कोण असतं?"

त्यांनी टॉवेलनं मान पुसली. "मागं व्हय? मागं चांगुनाच असायची. फडात मी तोडत फुडं, ती मोळ्या बांधत मागं."

"असायची?"

"हाय की. घरी हाय. चला, च्या पिऊ."

घर

कुंपणापलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या. चांगुणामामी खाटेवर होत्या. दोन हंगामांपूर्वी उसाच्या ट्रकवरून पडल्या, तेव्हापासून कमरेखालचं गेलं. टाचणी टोचली तरी कळत नाही, हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

"उडी कशी मारली ते इचारा हिला," मामा म्हणाले.

"उडी कशाची? ह्यांनी रस्सी सोडली."

"रस्सी तुज्याच हातात हुती."

"ऐका. आता ट्रकबी मीच चालवत हुते म्हना."

भांडण जुनं होतं. दोघांनी ते जपून ठेवलेलं दिसत होतं.

मग मामी म्हणाल्या, "पर दिस कलला का पाय लई भरून येत्यात, बाई. रान तुडवून आल्यावानी."

मामा तेलाची वाटी घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसले. पांघरूण बाजूला केलं.

तळवे धुळीनं माखलेले होते. अंगठ्याजवळ सराट्याचा काटा रुतला होता. मामांनी तो नखानं काढला, रोजच्या कामासारखा, आणि चोळायला लागले.

काटा हिरवा होता.

कोपरा

पुण्याहून हर्षलसाहेबांचा फोन आला. त्यांची सही झाल्याशिवाय रडार पास होणार नव्हतं. "एका माणसाचे दोन दिसत असतील तर मी सही कशी करू? कुंपणाकडची पट्टी झाकून टाक."

एखादी पट्टी बघू नकोस, असं रडारला सांगता येतं. मी सांगितलं. त्या संध्याकाळी मामा फेरीला गेले, पण स्क्रीनवर कुंपणाच्या कडेनं काहीच चाललं नाही.

सकाळी मामा आले. मी चहा पुढं केला तेव्हा बोलले. "काल लई रडली. म्हनली, कुंपनापशी आले आन तुमी दिसंनाच. हाका मारल्या म्हनं."

मी पट्टी उघडली.

"आता सायबाला काय सांगनार?"

"ओळखीच्या ठिपक्याला नाव देता येतं, मामा. मग भोंगा वाजत नाही. पण इथं नाव एक आणि ठिपके—"

"त्यात काय. कोयता लिवा."

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. मी दोन्ही ठिपके एका नावाखाली बांधले. जवळजवळ असले की आता स्क्रीनवर एकच खूण दिसत होती.

हर्षलसाहेब आले, खूण पाहिली. "कोयता? बरंय, नाव वाचूनच चोर पळतील." सही झाली. गाडीत बसता बसता म्हणाले, "आता मामांच्या फेऱ्या बंद. साप चावला तर जबाबदार कोण? केबिनमध्ये खुर्ची द्या त्यांना."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फेरी बंद म्हणजे—

मी गाडीच्या काचेशी वाद घातला. काच वर गेली.

"मंग तिचं चालनं?" मामांनी विचारलं. मला नाही, माळाकडे बघून.

गेट

पहिल्या संध्याकाळी मामा नवे बूट घालून खुर्चीत बसले. बसायचंच आहे तर घालू, म्हणाले. हात गुडघ्यांवर.

दिवस कलला.

स्क्रीन रिकामी. मामांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. मीही नाही.

गेटपाशी खूण उमटली. कोयता.

मी मामांच्या दंडाला हात लावला. ते होते. माझ्या शेजारीच होते.

खूण पूर्वेच्या कुंपणाला लागली. मी ती मोठी करून पाहिली. एक ठिपका पुढं, एक थोडा मागं.

नालीपाशी पुढचा थांबला.

मागचा जवळ आला. क्षणभर दोन्ही एक झाले. मग पुन्हा निघाले, सावकाश, तेवढंच अंतर राखून.

कॅमेरा वळला. तारा. गवत. उतरतं ऊन.

"मामा?"

"हितंच हाय की, ताई."

फेरी पुरी झाली. खूण गेटपाशी विझली.

मामांनी वाकून बूट काढला, मग मोजा. "पाय भरून आले," जरा लाजून म्हणाले.

बुटाचा तळ कोरा होता. मोजाही. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेला. त्यांनी तो मांडीवर घेतला, अंगठ्याजवळ नखानं टोकरलं, आणि काटा माझ्या तळहातावर ठेवला.

हिरवा.