इंडियमची कांडी

जपानमधल्या अकिताच्या डोंगरातल्या त्या कारखान्यात इंडियमच्या कांड्या तपासायचं काम अकरा वर्षं किनुएकडे होतं. चांदीसारखा दिसणारा धातू, नखानंही ओरखडा उठेल इतका मऊ. मोबाइलच्या काचेवर त्याचा थर असतो, पण नाव कुणाला ठाऊक नसतं. शुद्धतेचा आकडा यंत्रच सांगायचं. तरी जुन्या सवयीनं ती प्रत्येक लॉटमधल्या काही कांड्या कानाशी धरून वाकवायची. इंडियम वाकताना बारीक किंचाळतं.

मार्चमधल्या त्या सकाळी पहिली कांडी किंचाळली नाही. खोकली.

दोनदा तुटक, मग एकदा लांब, छातीच्या तळातून ओढून. किनुएनं कांडी खाली ठेवली, हात पुसले, घोटभर चहा घेतला. दुसरी वाकवली. तोच खोकला. तिसरी तर तिनं नुसती उचलली, तरी खोकली.

योशिनारी असाच खोकायचा. तिचा नवरा. इथंच ग्राइंडिंगच्या खोलीत नऊ वर्षं होता. पापण्यांवर इंडियम ऑक्साइडची पिवळट भुकटी घेऊन घरी यायचा. चार वर्षांपूर्वी फुप्फुसं निकामी होऊन गेला. तेव्हा त्याचा दोस्त, शिफ्टचा प्रमुख कुराशिमा, रोज रुग्णालयात येऊन बसायचा. "भुकटीचा काही संबंध नाही, वहिनी. सिगारेटनं घात केला," असं तोच म्हणाला. तसं लिहिलेल्या कारखान्याच्या कागदावर तिनं त्याच्याच पेननं सही केली. अजूनही दर हिवाळ्यात ती कुराशिमाला धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पाठवायची.

तिनं लॉटचा कागद पाहिला. बंद पडलेल्या ग्राइंडिंगच्या खोलीतली भुकटीतून परत काढलेला धातू.

तिनं कुराशिमाला बोलावलं.

"काय वहिनी, यंत्र रुसलं का?"

"ऐका जरा." तिनं त्याच्या कानाशी कांडी वाकवली.

त्याचं हसू तसंच राहिलं. चेहऱ्याचा रंग तेवढा उतरला.

"हा लॉट वितळवून टाकू."

"ऐकू आलं ना तुम्हाला?"

तो कांडीकडे बघत पुटपुटला, "मी सांगत होतो त्याला. त्या खोलीतल्या हवेचा अहवाल आला तेव्हाच म्हटलं होतं, मास्क घाल बाबा, मास्क घाल..."

"कसला अहवाल?"

तो दाराकडे वळला.

"कुराशिमासान, कधी आला होता?"

"तो जायच्या... दोन वर्षं आधी."

दोन वर्षं. तेवढ्या काळात हा माणूस कितीदा तिच्या घरी जेवला होता, योशिनारीसमोर बसून, तो खोकला ऐकत.

कुराशिमानं तिच्या हातातली कांडी ओढून घेतली, टेबलाच्या खणात टाकली, कुलूप लावलं. बाकीच्या कांड्या त्यानं स्वतः भट्टीत टाकल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर शेवटची न्यायला परत आला. किल्ली त्याच्याच खिशात होती. किनुए खुर्चीवरून हललीही नव्हती.

त्यानं खण उघडला.

वाकलेली कांडी सरळ झाली होती.

तिच्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता.

कुराशिमा मागं सरला. किनुएनं हात लावून पाहिला.

ठसे बाहेरून दाबले गेलेले नव्हते. आतून वर आले होते.