मास लाक्सोनोची स्लाइड

गाठ दीड सेंटिमीटरची होती. उजव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या किंचित मागे. घट्ट, न दुखणारी, बोटाखाली जराशी सरकणारी. रुग्णाच्या मागे उभं राहून दोन्ही बाजू एकदम चाचपायची डॉक्टर वेनिंगची पद्धत होती, त्यामुळे चेहरा तिनं अजून पाहिलाच नव्हता.

"कधीपासून आहे, पाक?" वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं तिनं विचारलं.

"पूर्वी 'मास' म्हणायचीस. 'पाक' म्हणण्याइतका म्हातारा झालो का मी?"

तिची बोटं थबकली… लाक्सोनो.

योग्याकार्ताच्या याच प्रयोगशाळेत तो सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला यायचा. एका भिंगापायी अख्खी दुपार घालवायचा, आणि येताना केळीच्या पानात तीळ लावलेले गरम गोळे आणायचा. त्याची सुराबायाला बदली झाली तेव्हा त्यानं लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," असं ती म्हणाली, त्याला अकरा वर्षं झाली.

ती समोर आली. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. गाठ लाळेच्या ग्रंथीत होती, आणि तिच्यातूनच चेहऱ्याची नस जाते; ती शाबूत आहे ना, हे बघायचं होतं.

"हसून दाखवा."

"तुला बघून वेगळं कशाला…"

"दोन्ही बाजूंनी सारखं. आता डोळे घट्ट मिटा."

"मिटले की पळशील."

"सुई माझ्या हातात आहे, मास. जपून बोला."

त्यानं मान स्थिर धरली. बारीक सुई आत गेली, तीन-चारदा मागेपुढे झाली, बाहेर आली. सुईतला थेंब काचेवर पसरवत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "लग्न?"

"एकीला विचारलं होतं. तिचा रिपोर्ट अजून यायचाय."

कापूस दाबून तो बाकावर बसला. तिनं काच रंगवली, भिंगाखाली धरली. जांभळट-गुलाबी तंतूंचा पसारा, त्यात विखुरलेल्या शांत पेशी… साधी गाठ. पण कडेच्या त्या चार पेशी? त्यांची केंद्रकं मोठी नाहीत ना, कर्करोगात असतात तशी? की भीतीनं तशी दिसताहेत? आणि साधी म्हणावी, तर तेच हवंय म्हणून तसं वाटतंय? वीस हजार काचा वाचलेली ती बाई एका काचेपुढे हतबल झाली.

ती काच घेऊन विभागप्रमुख बाई, बू मूर्नी, यांच्या टेबलाशी गेली.

"बू, ही तुम्ही वाचाल? मला… नीट दिसत नाहीये."

"चष्मा बदल की." बू मूर्नींनी मान वर केली नाही. "माझ्यापुढे चाळीस काचा आहेत. घरच्या माणसाची असेल तरच दुसऱ्यानं वाचायची, हा आपला नियम. आहे का घरचा? नातं लिहावं लागतं कागदावर."

वेनिंगनं वळून पाहिलं. लाक्सोनो दारात येऊन उभा होता, कापूस तसाच कानाखाली धरून.

"रिपोर्ट काय येतो ते कळू दे आधी," तो हळूच म्हणाला. "घाई नको करूस."

"अकरा वर्षांत घाई तेवढी झालेली नाही."

तिनं काच बू मूर्नींच्या हातात दिली.

"लिहा, बू. होणारा नवरा."