दाजींच्या पुढचा झेंडा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सुरुवात अगदीच साधी आहे. भर दुपार, पत्र्याची शेड, वर घरघरणारा पंखा, आणि त्या पंख्याखाली एक मेहुणा आणि त्याचे दाजी भांडत होते. विषय काय, तर वाळवंटात चार चाकांची बाईक पळवायची ती वाटाड्या घेऊन, की नुसती गाडी भाड्याने घेऊन आपली आपण.

मेहुण्याला सगळे भोंग्या म्हणायचे. तान्हा होता तेव्हा रडायला लागला की आख्खी गल्ली जागी व्हायची. मोठा झाल्यावर रडणं गेलं, आवाज राहिला. नुकतं लायसन्स हातात पडलेलं, ओठावर मोजून चार केस, आणि अंगात मस्ती म्हणाल तर पोतंभर. लोकांच्या नकला करण्यात आणि दाराआड लपून ‘भॉ’ करण्यात त्याचं अर्धं शिक्षण वाहून गेलेलं. दाजी नेमके उलटे. विमा कंपनीत नोकरी. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी पाटीवर किती माणसांना परवानगी आहे ते वाचणारा गृहस्थ.

“वाटाड्या घ्यायचा,” दाजी म्हणाले. “विषय संपला.”

“दाजी, वाटाड्या म्हणजे शाळेची रांग हो. एकमेकांचा शर्ट धरून मुतायला जायचं.”

शेडची मालकीण काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती. हे भांडण तिला रोजचंच असावं. “वाटाड्या घेतला तर तो पुढे, तुम्ही मागे,” ती म्हणाली. “त्याच्याच चाकोरीत चालवायचं. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर तो थांबणार, हात वर करणार. मागच्यानं हात वर केला की मग तो पलीकडे उतरणार. नुसती गाडी नेलीत तरी नियम हाच. फक्त पुढे कोण, ते तेवढं इथेच ठरवून निघा.”

“पुढे मी!” भोंग्या ओरडला. शेडचा पत्रा झणझणला.

ताई प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. पोट आता चांगलंच दिसायला लागलेलं. तिला गाडीवर बसायची परवानगी नव्हती, म्हणून ती सरबतावर राग काढत होती. “अहो, जा ना त्याच्याबरोबर,” ती दाजींना म्हणाली. “एकदा बाळ आलं की वाळवंट सोडा, बाथरूमलाही निवांत जाता येणार नाही तुम्हाला.”

दाजी हरले. बायकोपुढे ते नेहमीच हरायचे, आणि त्यांना ते आवडायचंही.

मग ताईने भोंग्याचा कान धरला. “हट्ट करून नेतोयस ना यांना? मग जसे नेतोस तसे आणायचे. ओरखडा चालणार नाही.”

“आणलेच समज.”

मालकिणीने दोन गाड्या काढून दिल्या. प्रत्येकीच्या मागे लांब लवचीक काठी, काठीवर नारिंगी झेंडा. गाडी खोलगट जागेत उतरली तरी टेकडीवरून झेंडा दिसावा म्हणून. मनगटाला बांधायची लाल दोरी होती, ती ओढली गेली की इंजिन बंद. “आणि ते काळे दगड दिसतात ना,” तिने बोट दाखवलं, “त्यांच्या अलीकडेच फिरा. पलीकडच्या टेकड्या या अंगाने उतरत्या, त्या अंगाने भिंत. माथ्यावरून वेगात गेलात की आधी तुम्ही खाली, मग गाडी तुमच्यावर.”

दाजींनी ते दगड दोनदा मोजले. भोंग्याने गाडीला किक मारल्यासारखं करून दाखवलं. गाडीला किक नव्हतीच, बटण होतं. असो.

सुरुवातीचा वेळ झकास गेला. गरम वाळू, तापलेल्या पेट्रोलचा वास, आणि एवढं मोठं निळं आभाळ की माणसाला उगाच स्वतःचं हसू यावं. भोंग्याची गाडी फुटक्या सायलेन्सरची होती, ती खोकत खोकत पुढे. दाजी मागे, बरोब्बर त्याच्या चाकोरीत, ढुंगण न हलवता. माथा आला की भोंग्या थांबून हात वर करायचा. मग खालून दाजींचा हात वर यायचा, ‘सर, मे आय कम इन?’ विचारल्यासारखा. प्रत्येक वेळी. न चुकता.

तिथेच भोंग्याच्या डोक्यात किडा वळवळला.

एका टेकडीपलीकडे उतरल्यावर डावीकडे खडकांची बेचकी दिसली. त्याने गाडी आत घातली, इंजिन बंद केलं, झेंड्याची काठी वाकवून गुडघ्याखाली दाबली आणि तोंडावर हात ठेवून बसला. आता दाजी माथ्यावर येतील. पुढे कुणी नाही असं बघतील. पाच मिनिटांत त्यांचा विमा लागू होईल.

दाजींचं इंजिन जवळ आलं. माथ्यावर थांबलं. भोंग्याने हसू दाबलं.

वारा पडला होता. सगळीकडे इतकं गप्प झालं की वाळूचे दाणे घरंगळताना ऐकू येत होते. एकदम कुठूनतरी बंद माठाच्या तळासारखा ओलसर वास आला. त्या कोरड्या ठणठणीत जागेत.

मग दाजींचा आवाज आला. घाबरलेला नाही. मजेत.

“आलो रे, आलो!”

आणि त्यांची गाडी बेचकीसमोरून सरळ पुढे निघून गेली.

भोंग्याला वाटलं, च्यायला, ओळखलं वाटतं. उलटी मस्करी करतायत. तो खडकावर चढला. दाजी पुढच्या चढावर पोचले होते. तिथे ते थांबले, हात वर केला, मान डोलावली आणि खाली उतरले. त्याच्या पुढच्या माथ्यावर पुन्हा तेच. थांबले. हात. मान. पुढे वाळू पसरलेली, लांबच लांब, आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

दाजी मस्करी करत नाहीत, हे भोंग्याच्या तेव्हा लक्षात आलं. लग्नापासून एकदाही केलेली नव्हती.

दाजी काळ्या दगडांच्या पलीकडे गेले होते.

त्याने गाडी काढली ती अशी की झेंड्याची काठी आडवी झाली. “दाजी! ओ दाजी!” फुटका सायलेन्सर आणि तो, दोघंही कोकलत होते. वळणावर सायकलवरून उतरून चालणारे दाजी आता सुसाट चालले होते, जराही न डगमगता, कुणाच्यातरी चाकोरीत चालावं तसे. वाळूत मात्र चाकोरी एकच होती. त्यांची स्वतःची.

दगड ओलांडून तो त्यांच्या बाजूला आला. गॉगलमागे दाजींचा चेहरा शांत होता. ऑफिसात साहेबाकडे बघताना करतात तसं सभ्य हसू.

“दाजी, थांबा!”

दाजींनी मान वळवली. “बाजूने नका येऊ,” ते नम्रपणे म्हणाले. “मागे या. रांगेत.”

“दाजी, मी आहे. भोंग्या.”

“नाही हो...” दाजी म्हणाले. “भोंग्या पुढे आहे. तो काय... हात करतोय बघा.”

भोंग्याने बघितलं. बघायला नको होतं, पण डोळे काय विचारून वळतात का? समोर शेवटची टेकडी होती, उंच, सुरीच्या पात्यासारखी. पात्यापलीकडून एका नारिंगी झेंड्याचं टोक वर आलं होतं. वारा पुन्हा सुटला होता, दोघांच्या पाठीवर. झेंडा मात्र उलटा, त्यांच्याच दिशेने फडफडत होता.

दाजींनी हात वर केला आणि अंगठ्याने रेस दाबली.

भोंग्याने विचार केला नाही. त्याची ती सवयच नव्हती, आणि त्या दिवशी तीच कामी आली. त्याने आपली गाडी दाजींच्या गाडीवर तिरकी घातली, हात लांबवून त्यांच्या मनगटाची लाल दोरी धरली आणि हिसडा मारला. दाजींचं इंजिन बंद झालं. गाडी माथ्याच्या जरा खाली वाळूत रुतून थांबली.

आणि मग भोंग्याची गाडीही बंद पडली. तिची दोरी कुणी ओढली नव्हती.

शांत.

पलीकडे एक इंजिन चालू होतं. खोकत खोकत. फुटक्या सायलेन्सरचं.

“दाजी...” पलीकडून आवाज आला. भोंग्याचा आवाज. अगदी त्याचाच, नाकातला खरखरीतपणा सुद्धा. “दाजी... या ना... इथे सोपं आहे...”

दाजी गाडीवरून उतरले आणि चालू लागले.

भोंग्या घाबरला होता, हे त्याने नंतर कुणालाच सांगितलं नाही. आपणही सांगू नका. पण भीतीच्या खाली त्याला दुसरंच काहीतरी चढत होतं. संताप. आयुष्यभर त्याने लोकांच्या नकला केल्या होत्या. मास्तरांच्या, शेजाऱ्यांच्या, दाजींच्या तर समोरासमोर. आज कुणीतरी त्याची नक्कल करत होतं. आणि भिकार करत होतं!

त्याने दाजींच्या कमरेला मिठी मारली, टाचा वाळूत रोवल्या आणि छाती भरून घेतली.

“ए नक्कलखोरा!”

टेकडीच्या कडेची वाळू सळसळत खाली आली.

“आवाज चोरतोस तर नीट तरी चोर! मी दाजींना ‘या ना’ म्हणेन होय रे? मी म्हणतो, ‘चला की हो, कासव!’ लग्नात मी यांचे बूट लपवलेत, मी यांच्या घोरण्याची नक्कल आख्ख्या मांडवात करून दाखवलीये! तू काय केलंयस यांच्यासाठी? हे माझे दाजी आहेत. यांना छळायचं तर मी छळणार. तू कोण रे, टिनपाट? हिंमत असेल तर ये अलीकडे, तोंड दाखव! मी हा उभा आहे!”

तान्हेपणी गल्ली जागवणारा तो आवाज टेकड्याटेकड्यांवर आपटत गेला. पलीकडचं इंजिन खोकलं. अडखळलं. झेंड्याचं टोक लुळं पडलं.

दाजी मिठीत दचकले. “भोंग्या? अरे... कानात काय ओरडतोस?” मग त्यांनी पायापुढे पाहिलं. दोन पावलांवर वाळू संपत होती आणि खाली नुसता उभा कडा होता, तळाशी सावली साचलेली. दाजींनी भोंग्याचा दंड असा धरला की पुढे आठवडाभर वळ होते.

“खाली बघू नका,” भोंग्या म्हणाला. “मागे बसा माझ्या. डोळे मिटा. आणि काही झालं तरी कुणाला हात करू नका.”

त्याची गाडी तिसऱ्या दाबाला सुरू झाली. दाजींची तिथेच राहिली. परतीच्या वाटेवर भोंग्या घसा फाटेस्तोवर गाणी म्हणत होता, सगळी बेसूर, मुद्दाम. एकदाही त्याने मागे वळून बघितलं नाही.

शेडपाशी मालकीण उन्हात येऊन उभी होती. एकच गाडी परत आलेली बघून ती जवळ आली. दाजी ताईकडे गेले आणि तिच्या खुर्चीला टेकून खाली बसले.

“पुढे कोण होतं?” मालकिणीने हळूच विचारलं.

“जाताना विचारताय की येताना?”

“येताना.”

“मी.”

“वाटाड्या नाही घेतला की इथे कुणीतरी पुढे होतंच,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हटलं, ठरवून निघा. तू जागा सोडलीस ना मध्येच?” भोंग्याने मान खाली घातली. “पण त्याला कुणी मागे टाकलेलं... मी अजून बघितलं नव्हतं.”

“मग आता बघून घ्या,” भोंग्या म्हणाला. घसा बसला होता, पण ऐट बसली नव्हती.

ऊन कलायला लागलं तसे ते घरी निघाले. दाजींनी आपणहून किल्ली पुढे केली, म्हणून घरची कार भोंग्याने चालवायला घेतली. दाजी शेजारच्या सीटवर झोपले आणि लगेच घोरायला लागले. तो घाणेरडा आवाज भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना वाळू. मागच्या सीटवर ताई पोटावर हात ठेवून गुणगुणत होती. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. दाजींची बाईक वाळूत रुतली, एवढंच.

“भोंग्या,” ती म्हणाली, “मागे कुणीतरी येतंय रे. मघापासून.”

भोंग्याने आरशाला हात लावला आणि तो छताकडे फिरवून टाकला.

“येऊ दे,” तो म्हणाला. “पुढे मी आहे.”

त्याने पाय दाबला. काटा चढत गेला. खिडक्या थरथरायला लागल्या, दाजींचं डोकं काचेवर हलू लागलं. ताई वळून मागच्या काचेला नाक लावून बसली होती.

“अजून येतोय,” ती म्हणाली. मग एकदम बारीक आवाजात, “पण भोंग्या... आपण एवढ्या जोरात चाललोय... मग तो चालत कसा येतोय रे?”