नांदवणी

मिरजेच्या नांदवणी केंद्रात त्या सकाळी पेढे वाटले जात होते. हेमांगी तांबटच्या काळजात आता परकी एकही पेशी उरली नव्हती.

दुसऱ्याचं हृदय शरीराला परकं वाटतं, म्हणून पूर्वी जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत. मग नांदवणीची लस निघाली. तिच्या जोरावर माणसाच्या स्वतःच्या पेशी त्या हृदयात शिरत आणि एकेका जुन्या पेशीला सारून तिच्या जागी बसत. भिंत उभी ठेवून तिची एकेक वीट बदलावी, तसं. दर वर्षी मानेच्या शिरेतून तार घालून स्नायूची तांदळाच्या कणीएवढी ढलपी काढायची आणि परकं किती उरलं ते मोजायचं. सून सासरी नांदते तसं काळीज नांदतं, म्हणून हे नाव.

"भाडेकरू गेला, हेमांगीताई," डॉक्टर मुजावर हसत म्हणाले. "घर मालकाच्या ताब्यात. आता गोळ्यासुद्धा बंद."

"भाडेकरू कसली? घरच कस्तुराचं होतं." तंबोऱ्याच्या तारा लावून घट्टे पडलेल्या बोटांनी हेमांगी रिपोर्टची घडी घालत होती, मोडत होती. "आज तानूमावशी यायच्यात. त्यांना काय सांगू?"

तानूमावशी म्हणजे कस्तुराची आई. नऊ वर्षांपूर्वी कस्तुरा अपघातात गेली आणि तिचं हृदय हेमांगीला मिळालं. तेव्हापासून मावशी दर वर्षी त्याच दिवशी आटपाडीहून यायच्या. लेकीला माहेरचा म्हणून चोळीचा खण आणायच्या, हेमांगीच्या छातीला कान लावायच्या आणि आतल्या ठोक्यावर ओवी धरायच्या.

मावशी आल्या. पिशवी टेकवत म्हणाल्या, "सुकलीस गं. हा डाक्टर जेवू देत न्हाई वाटतं."

"पेढे वाटतोय की मावशी."

"पेढ्यानं अंग धरतं व्हय?" त्यांनी कान लावला.

*लेक दिली परघरी, छातीच्या गं पिंजऱ्याला*
*येते ऐकाया पाऊल, कान लावून दाराला*

दुसऱ्या ओळीवर चाल मोडली. मावशींनी पहिल्यापासून म्हटली. पुन्हा तिथंच मोडली.

"माझी पोर पळत चालायची," त्या हळूच म्हणाल्या. "हे कोण चालतंय? दोन पावलं टाकतंय आन् उंबऱ्याशी अडखळतंय."

"वयानं कान जरा..." डॉक्टर पुटपुटले.

"कान चांगलेत. तू पुटपुटलास, ते बी ऐकलं."

हेमांगीनं छातीवर तळवा ठेवला. दोन ठोके, मग पोकळी. तिला ही चाल पाठ होती. तंबोऱ्यांच्या कारखान्यात बाबा दुपारी चटईवर आडवे व्हायचे, ती त्यांच्या छातीवर डोकं टेकायची आणि पोकळीत पुढच्या ठोक्याची वाट पाहायची. बाबांच्या अडतिसाव्या वर्षी एका दुपारी तो आलाच नाही. तेच दुखणं रक्तातून तिच्या पेशीपेशीत उतरलं होतं. त्यापायीच तिचं पहिलं काळीज काढून टाकलं होतं.

डॉक्टरांनी नळी लावली. बराच वेळ ऐकलं. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं, ते त्यांनाही कळलं नसावं.

"परकं किती उरलं, एवढंच आम्ही मोजत राहिलो," ते म्हणाले. "आपलं म्हणून काय आत येतंय, ते..." त्यांची नजर संगणकाच्या पडद्यावर गेली. लस घेतलेल्यांच्या यादीत अकरा हजार नावं होती. प्रत्येकापुढे हिरवी खूण.

"कस्तुराचं थोडं तरी परत आणता येईल?"

"काहीच उरलं नाही, ताई."

"मग दुसरं बसवा."

"तेही असंच नांदेल. लस हाडांत मुरलीय, ती काढता येत नाही."

मावशींनी पिशवीतून खण काढला. मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"वय काय गं तुझं?"

"सदतीस."

मावशींनी खण तिच्या ओटीत टाकला, तिला जवळ ओढलं आणि पुन्हा कान लावला. या खेपेला ओवी नव्हती. दोन ठोके झाले, आणि दोघी तिसऱ्याची वाट पाहू लागल्या.