खिडकीतली बाटली

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जे दिसलं ते वहीत लिहा, जे वाटलं ते वहीबाहेर ठेवा, हे मुलांना अठरा वर्षं सांगत आले आहे.

पुढचं सगळं मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. शक्य तिथे दोनदा तपासलेलं आहे. एकच गोष्ट अजून तपासलेली नाही. ती शेवटी सांगते.

इथे बहुतेक जण रात्रीचे अनुभव लिहितात. माझा दुपारचा आहे.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. रविवार. लख्ख ऊन. आमच्याच घराची मागची खोली.

त्याला तीन वर्षं झाली.

त्या खोलीत आम्ही ट्रॅक्टरचं डिझेल साठवायचो. खोली स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. वर पत्रा, एक झरोका. आत दोन फळ्यांवर दोनशे लिटरचं बॅरल. एका फळीखाली वीट, म्हणजे बॅरल किंचित कलतं राहतं आणि डिझेलमधलं पाणी आणि गाळ एका कडेला साचतो. बॅरलच्या तोंडाला हाताने फिरवायचा पंप. शेजारी कॅन, खुंटीला नरसाळं, कोपऱ्यात वाळूची बादली. दारावर मी पाटी लावली होती. आत मोबाइल नको, काडी नको, विडी नको.

"श्वास घेतला तर चालेल ना?" पाटी वाचून नवऱ्याने विचारलं होतं.

तो मला 'प्रयोगशाळा' म्हणायचा. चहात साखर किती हेसुद्धा मी मोजून घालते म्हणून.

पंप जुना होता. दांडा फिरवला की आवाज यायचा.

किर्र… टक.

एक फेरा. बावीस फेऱ्यांत कॅन भरायचा. भिंतीअलीकडे बसून मी ते मनात मोजायचे. बावीस झाले की कॅनचं झाकण, मग पावलं, मग अंगणात ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल पडल्याचा आवाज. पंधरा वर्षांच्या संसारात तेवढं ऐकलं की मला कळायचं, हा आता पाणी प्यायला आत येणार.

त्या वर्षी ट्रॅक्टर मध्येच बंद पडायला लागला. आमच्या फिटरमामांनी फिल्टर उघडून दाखवला. डिझेलमध्ये पाणी उतरलं होतं. मामा म्हणाले, बॅरल भरलं की एक दिवस हलवू नका, सगळं खाली बसू द्या. मी म्हटलं, त्यापेक्षा तळाचा नमुना काढून पारदर्शक बाटलीत ठेवू. पाणी खाली राहील, डिझेल वर. मध्ये रेघ दिसेल. किती पाणी आहे ते मोजताच येईल.

मामांना ते फार आवडलं. मीही खूश झाले.

शनिवारी संध्याकाळी नमुना काढला. पाण्याची रिकामी बाटली घेतली आणि प्रकाश नीट मिळावा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

तिच्यावर लेबल लावलं नाही.

शाळेत बिनलेबलची बाटली दिसली की मी मुलांचा एक गुण कापते.

रविवारी सकाळी सासूबाईंनी खिडकी पुसली. बाटली उचलून फडताळावर ठेवली, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत. त्यांची चूक काय? बाटलीसारखी बाटली होती.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. दोन दहाला पंपाचे बावीस फेरे ऐकले. टाकी भरल्याचा आवाज ऐकला. मग तो आत आला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना घरात काही दिसत नाही. त्याने फडताळावरची पहिली बाटली घेतली.

तो बाटली कधी तोंडाला लावत नसे. मान मागे टाकायची आणि वरून धार सोडायची. असं पिताना चव कळेपर्यंत दोन घोट पोटात गेलेले असतात.

"अगं प्रयोगशाळा," त्याची हाक आली, "पाण्याला कसला वास येतोय?"

मी पोचले तेव्हा तो ओटा धरून हसत होता. थोडा खोकला, मग म्हणाला, "ट्रॅक्टरला चालतं, तर मला का नाही चालणार?"

आता जे लिहिणार आहे ते तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही.

डिझेल पोटात गेलं तर उलटी करवायची नसते. पोटात ते फारसं काही करत नाही. उलटीबरोबर वर आलं की श्वासनळीत शिरतं आणि फुप्फुसं जाळतं. माझ्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर हा तक्ता आहे. मीच लावलाय. अक्षर माझं आहे.

तरी घाबरून मी कोमट पाण्यात मीठ कालवलं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्याला नको होतं. मी हट्टच धरला, सगळं बाहेर काढ म्हणाले.

"बरं बाई, तुझं ऐकतो," तो म्हणाला आणि प्यायला.

तिसऱ्या उलटीला त्याच्या खोकल्याचा आवाज बदलला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उलटी करवली होती का कुणी?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "आपोआप झाली."

चार दिवस तो होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नव्हतं. अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागायचा. तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मान हलवून नाही म्हणायचे. दिवसातून कितीतरी वेळा. चौथ्या दिवशी त्याने मागणं सोडलं.

त्या संध्याकाळी तो गेला.

सासूबाईंनी सगळ्यांना एकच सांगितलं. बाटली मी तिथे ठेवली, माझ्या हाताने माझं लेकरू गेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. कुणी समजूत घातली की मान खाली घालायच्या. त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या पाण्याला हात लावणं सोडलं. कुणी आलं तर हात मांडीवर घट्ट धरून बसायच्या, आणि मी पाणी आणेपर्यंत पाहुणा तसाच. स्वतःला तहान लागली तरी मी पेला हातात देईपर्यंत थांबायच्या.

मी पेला द्यायचे.

खरं काय ते सांगायचे नाही.

ट्रॅक्टर फिटरमामा घेऊन गेले. बॅरल अर्धं भरलेलं होतं. तेही नेतो म्हणाले, मी आज-उद्या करत राहिले. खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

दीड महिन्यानंतरचा रविवार. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते.

आधी फ्रिजची घरघर थांबली. लाइट गेली असेल म्हणून वर पाहिलं. पंखा चालू होता… पण त्याचाही आवाज येत नव्हता.

मग भिंतीपलीकडून…

किर्र… टक.

मी घड्याळ पाहिलं. दोन दहा.

किर्र… टक.

माझ्या आधी माझ्या मनानेच मोजायला सुरुवात केली होती. सात. आठ. पंधरा. वीस.

बावीसला थांबलं.

मी कुलूप काढून आत गेले. पंपाच्या दांड्यावर धूळ तशीच. काठी सोडून पातळी पाहिली. मागच्या खुणेवरच होती. कॅन कोरडा.

पंपाच्या तोंडाशी मात्र एक थेंब लोंबत होता. माझ्या डोळ्यांदेखत पडला.

स्वयंपाकघरात परत आले, तर खिडकीत…

बाटली होती. तळाशी पाणी, वर पिवळसर डिझेल, मध्ये स्वच्छ रेघ.

ती बाटली मी स्वतः फेकली होती, त्याला दवाखान्यात नेलं त्याच रात्री.

पहिला विचार सासूबाईंचाच आला. पण किल्ली माझ्याकडे होती. आणि त्यांच्या सांधे धरलेल्या हातांनी बरणीचं झाकणही फिरत नाही. मी बाटली मागे नेऊन वाळूत ओतली, ठेचली, कचऱ्यात टाकली. कुणाला बोलले नाही.

पुढच्या रविवारी शेजारच्या सुताराला मुद्दाम बोलावून घेतलं, फडताळ हलतंय म्हणून. दोन दहा वाजले. सुतार खिळा ठोकत होता. हातोडा वर घेतला आणि तसाच थांबला.

"वहिनी, मागे कोण पंप मारतंय?"

मी म्हटलं, कुणी नाही. तो हसला. दादा असताना असाच आवाज यायचा, म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. हत्यारं गोळा करून निघून गेला. पैसे न्यायलाही परत आला नाही.

त्या दिवशी बाटली खिडकीत नव्हती. हायसं वाटलं.

मग फडताळाकडे लक्ष गेलं…

पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत ती शेवटची होती.

तिसऱ्या रविवारी ती रांगेत पहिली होती.

चौथ्या रविवारी बावीस फेरे झाल्यावर मी फडताळ पाहिलं, खिडकी पाहिली, ओट्याखाली पाहिलं. बाटली कुठेच नव्हती.

मग आतल्या खोलीतून बाटलीचं झाकण फिरवल्याचा बारीक आवाज आला…

मी धावले.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. बाटली मांडीत. झाकण काढलेलं. खोलीभर डिझेलचा वास. त्या बाटलीकडे बघत होत्या, आणि चेहरा इतका शांत होता की त्याचीच भीती वाटली.

"उशाशी होती," त्या म्हणाल्या. "तोच ठेवून गेला बहुतेक. मला बोलावतोय."

त्यांनी बाटली उचलली.

मी ती धरली. त्यांनी सोडली नाही. दोन महिने ज्या हातांनी स्वतःहून पेला उचलला नव्हता, त्यांना एवढा जोर कुठून आला?

"आई, तुमच्या हातून नाही गेला तो," मी म्हटलं. "मीठपाणी मी पाजलं. उलटी मी करवली. करायची नसते हे मला माहीत होतं. नुसतं पोटात राहिलं असतं, तर वाचलाही असता. डॉक्टरांशी मी खोटं बोलले."

बाटलीवरची पकड सैल झाली. मी ती काढून घेतली.

"त्याला नको होतं का ते पाणी?" त्यांनी विचारलं.

"नको होतं."

"मग प्यायला का?"

"मी म्हटलं म्हणून."

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी दारात उभी राहिले. मला घराबाहेर काढतील, नातेवाइकांना बोलावतील, असं वाटत होतं. तेच व्हावं असंही वाटत होतं.

अर्ध्या तासाने त्या उठल्या. भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या. माठातून पेलाभर पाणी काढलं. निम्मं सांडलं. तो पेला त्यांनी माझ्यापुढे धरला.

"पी."

मी प्यायले. पाणीच होतं.

"चार दिवस पाणी मागत होता पोरगा," त्या म्हणाल्या. "तहानलेलाच गेला."

मग त्यांनी मला एक धुतलेली बाटली आणायला सांगितली. त्यांनी पाणी ओतलं. झाकण मी घट्ट लावलं, वरून मेण ओतलं. त्या म्हणाल्या, या वेळी नाव लिही. मी लेबल चिकटवलं आणि लिहिलं, 'पाणी'. बाटली खिडकीत ठेवली.

त्यानंतर पंपाचा आवाज कधी आला नाही. मामांनी बॅरल नेलं. खोलीत आता जुनी वर्तमानपत्रं आहेत.

सासूबाई आल्यागेल्याला पाणी देतात. माझ्याशी पूर्वीइतकं बोलत नाहीत. मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती.

दोन महिन्यांनी लक्षात आलं, बाटलीतलं पाणी एक बोट कमी झालंय. मेण जसंच्या तसं. मी पेनाने खूण केली, शेजारी तारीख टाकली. पुढच्या रविवारी आणखी थोडं कमी. प्लॅस्टिकमधूनही पाणी हळूहळू उडतं. वर्षाला किती उडेल, त्याचं गणित मी मांडलं. उत्तर काही ग्रॅम आलं.

बाटलीवर आता तारखाच तारखा आहेत. तळाला दोन बोटं पाणी उरलंय.

सासूबाई म्हणतात, संपू दे, मग पुन्हा भरू. मेण फोडायला माझा हात धजत नाही.

कारण गेल्या रविवारी दुपारी ऊन तिरपं आलं, तेव्हा मी बाटली डोळ्यांसमोर धरली. उरलेल्या पाण्यावर केसाएवढा पिवळा तवंग आहे. वास घेतला की तो कसला ते एका क्षणात कळेल. तेवढंच तपासायचं राहिलंय.

त्या बाटलीत फक्त पाणी भरलं होतं. आम्ही दोघींनी मिळून.

तो बाटली कधी तोंडाला लावत नसे…

आता लावत असावा.